मनाचा शीण

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज एका न दिसणाऱ्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. ताप आला तर अंगाला हात लावून कळते. पाय मुरगळला तर माणूस लंगडतो. पण मन शिणले तर ते कोणालाच दिसत नाही. घरचे म्हणतात, "आळस भरलाय अंगात." शेजारी म्हणतात, "काहीतरी बाहेरचं लागलंय." आणि ते माणूस आतल्या आत सुकत जाते.

शीण दोन प्रकारचा असतो. दिवसभर मिरची तोडली, कापूस वेचला, की हातपाय दुखतात. भाकरी खाल्ली, रात्री डोळा लागला, की सकाळी माणूस पुन्हा ताजेतवाने. हा अंगाचा शीण. मनाचा शीण मात्र झोपेने जात नाही. सकाळी डोळे उघडतानाच वाटते, कशाला उठायचे?

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. गरिबांच्या मोफत दवाखान्यात ते रात्री उशिरापर्यंत राबत. तिथे मनापासून काम करणारी माणसेच हळूहळू विझत चाललेली त्यांनी पाहिली. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. या स्थितीला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. म्हणजे जळून जाणे. दिव्यात तेल असते तोवर तेल जळते. तेल संपले की वातच जळू लागते. तसेच हे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली याच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली, अंगातले बळ सरल्यासारखे वाटते. दुसरी, कामावरून मन उडते, त्याचा वीट येतो. तिसरी, हातून पूर्वीसारखे काम होत नाही. हा रोग नव्हे, कामाचा ताण फार दिवस साचून राहिल्याचा हा परिणाम आहे, असेही संघटनेने म्हटले आहे. तिने हे रोजगाराच्या कामाविषयी सांगितले. पण मी विचारतो, पाणी भरणे, चूल पेटवणे, गुरे, पोरे, म्हातारी माणसे, हे काय काम नव्हे?

इथे एक सावधगिरी सांगतो, बरं का. प्रत्येक थकवा मनाचा नसतो. अंगात रक्त कमी असेल तरी माणूस थकते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. तो आईबापांकडून मुलांत येतो. त्यात थकवा येतो, सांधे दुखतात. तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. तिथे काही निघाले नाही, तर मग मनाकडे वळावे.

मन का शिणते? नुसत्या कष्टाने नाही. शेतकरी पेरणीच्या दिवसांत किती राबतो! पण शेत त्याचे असते, पीक दिसते, मन टिकून राहते. ज्या कामाला अंत नाही, ज्यात आपल्या शब्दाला किंमत नाही, ज्याचा मोबदला पुरा मिळत नाही आणि कोणी "बरं केलंस" म्हणत नाही, ते काम मन खाते.

ऊसतोडीचे पाहा. दिवाळी सरली की आपल्याकडची कितीतरी जोडपी गुजरातेत ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. झोपेवरही आपला ताबा नाही.

आपली आशाताई पाहा. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून गावोगाव आशा नेमल्या गेल्या. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचे म्हणजे चढउताराची पायपीट. बाळंतीण अडली तर रात्री उठायचे. वर कागद भरायचे. अशी बाई एखाद्या दिवशी आपल्या अंगावर खेकसली, तर तिला वाईट म्हणू नका. तिच्या दिव्यातले तेल पाहा.

आणि आपल्याच घरात पाहा. पूर्वी लेकराला मांडीवर घेऊन हसवणारी माय आता ते रडले की धपाटा घालते. मग कोपऱ्यात बसून स्वतःच रडते. तिची माया आटलेली नसते. ती शिणलेली असते.

पुरुष मंडळी यावर एक औषध करतात. ते सर्वांना ठाऊक आहे! पण दारूने शीण जात नाही. तो रात्रभर लपतो आणि सकाळी दुप्पट होऊन येतो. पैसा जातो तो वेगळाच. तळोदे भागात 1930 नंतरच्या काळात गुला महाराजांनी लोकांना दारू सोडायला सांगितले. त्यांच्या आरतीला हजारो माणसे जमत. चार माणसांत बसणे हाही मनाला मोठा आधार असतो.

विसावा मागणे म्हणजे आळस नव्हे. आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, पुरणपोळी चारतात. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. बैलाला विसावा, लेकीला विसावा. मग उरलेल्या दिवसांचे काय?

मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, असा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. 1890 च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन बायाही बोलल्या. त्या वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एकट्याने कुढून ती मिळाली नाही. सर्वांनी मिळून मागितली, लिहून मागितली, तेव्हा मिळाली.

आता आपण काय करावे?

तुम्हाला लिहिता येऊ लागले आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर पाटी घ्या. घरातली सर्व कामे एकाखाली एक लिहा. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. एकच नाव दहा वेळा आले, तर त्यातली दोन-तीन कामे दुसऱ्याने उचलावीत. पाणी पुरुषानेही आणावे. त्याने मिशी खाली होत नाही!

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी उचल आणि भरलेल्या गाड्या रोज वहीत मांडाव्यात. हिशेब हाती असला की मन निम्मे हलके होते.

जड काम एकट्याने ओढू नका. आपल्याकडे सावड आहे, इर्जिक आहे, सातपुड्यात लाह आहे. ती मोडू देऊ नका.

झोप चुकवू नका. मोबाईल रात्री दूर ठेवा. दिवसातून थोडा वेळ तरी असा काढा, की ज्यावर कोणाचा हुकूम चालणार नाही.

आणि बोला. नवऱ्याशी, मैत्रिणीशी, आशाताईशी बोला. मन फारच काळवंडले, जीव नकोसा वाटू लागला, तर 14416 हा नंबर लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा 2022 साली सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही लावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा नंबर आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. तुम्हाला लागला नाही, तर शेजाऱ्याला लागेल.

घरात कोणी गप्प झाले, चिडचिडे झाले, तर आधी विचारा, "काय करतोस रे बसून?" असे नव्हे, तर "दमलास का?" असे. एवढे विचारले तरी त्या दिव्यात थोडे तेल पडते.