पट्टी वाचता तशी बातमी वाचा

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



बाजारात माल विकला की आडत्याकडून पट्टी मिळते. ज्याला अक्षरओळख नाही तोसुद्धा ती कोणाकडून तरी दोनदा वाचून घेतो. वजन किती धरले, हमाली किती, तोलाई किती, हातात काय पडले, सगळे विचारतो. तोच माणूस पारावर वर्तमानपत्र उघडतो, रात्री टीव्हीपुढे बसतो, मोबाईलवर आलेला मजकूर वाचतो, तेव्हा मात्र काही विचारत नाही. छापून आले म्हणजे खरे असणार! या न विचारण्याचा आपल्याला किती तोटा होतो, तेवढेच आज मांडायचे आहे.

सोलापूरला हे नवीन नाही. मे १९३० मध्ये या शहरात गोळीबार झाला, लोक उठले, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. सरकारच्या कागदावर ते खुनी होते. सोलापूरने त्यांना हुतात्मे म्हटले. आज पुतळे त्या चौघांचे उभे आहेत. माणसाला, मालाला कोणते नाव द्यायचे हे ज्याच्या हातात, त्याने निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते.

आपल्या ज्वारीचेच पाहा. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ पिढ्यान्‌पिढ्या आपण पेरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी वर्षानुवर्षे कागदोपत्री ती 'भरड धान्य'. रेशनवर गहू आणि तांदूळ, जाहिरातीत पांढरी मऊ पोळी. होता होता आपल्याच पोरांना डब्यात भाकरी न्यायची लाज वाटू लागली. मग २०२३ साली अर्थसंकल्पात तिचेच नाव 'श्री अन्न' झाले. दाणा तोच, कडबा तोच. नाव बदलल्याने पट्टीवरचा आकडा किती बदलला, ते ज्याने त्याने आपल्या घरी ताडून पाहावे.

कांद्याचे तेच. भाव वाढला की 'कांद्याने रडवले'. पडला की रडणारा कोण, ते आतल्या पानावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच सोलापूरच्या बाजारात आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा रुपया किलोने गेला. खर्च वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. तेव्हाचा शब्द होता, 'ग्राहकांना दिलासा'. शहरातल्या मायबहिणींशी आपले भांडण नाही. पण दिलासा देणारा बातमीत दिसतो आणि ज्याच्या खिशातून तो दिला गेला तो दिसत नाही, ही त्या शब्दाची करामत आहे.

आता कापूस. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर आला. बीटी कापसाने ही गावे सुधारली, इथे एकही आत्महत्या नाही, असा सूर. वार्ताहरांचा दौरा बियाणे कंपनीने, महिको मोन्सॅन्टो बायोटेकने, घडवून आणला होता, ही ओळ बारीक अक्षरात. २८ ऑगस्ट २०११ ला तोच मजकूर पुन्हा छापला, या वेळी जाहिरात म्हणून! मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषी समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले की आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत. पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे सगळे उघड केले.

बियाणे चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. नवे बियाणे पाहिजे म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही या सभेत बसले आहेत. पण तीन वर्षांपूर्वी जी बातमी होती तीच पुढे जाहिरात होते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याची फसवणूक होते. कारण घरचे पैसे घालून जुगार खेळायचा आपल्याला आणि पत्ते दाखवणारा दुसऱ्याचा माणूस.

मग करायचे काय? पट्टीला विचारता तेच तीन प्रश्न बातमीला विचारा.

पहिला, खर्च कोणी केला? गाडी कोणाची, जेवण कोणाचे, पान कोणी विकत घेतले? बारीक अक्षर आधी वाचा.

दुसरा, वजा काय केले? दुकानातल्या फलकावर 'एकरी इतके क्विंटल' लिहितात. पाणी किती दिले, जमीन कसली, वेचणीला किती गेले, हे लिहीत नाहीत. बागायतीचा आकडा दाखवून कोरडवाहूला बियाणे विकणे ही थाप नाही, अर्धे सत्य आहे. ते थापेपेक्षा महाग पडते.

तिसरा, हातात कोणाच्या काय पडले? बातमीत 'दिलासा', 'विकास', 'क्रांती' असा गोड शब्द आला की त्याचे पैसे कोणी भरले ते शोधा.

आणि हे तीन प्रश्न आम्हालाही विचारा. आमच्या पत्रकात आकडा असेल तर तो कुठला ते विचारा. व्यासपीठावरून कोणी शेजारच्या जातीवर, धर्मावर, गावावर राग चढवू लागला तर खाली बसवा आणि भावाचा हिशेब माग. जो हिशेब विचारल्यावर चिडतो, तो आपला नव्हे, मग त्याच्या छातीवर बिल्ला कोणताही असो.

या बैठकीतून जाताना एवढे ठरवून जाऊ. प्रत्येक गावात आठवड्यातून एकदा पारावर एक बातमी मोठ्याने वाचायची, मायबहिणींनाही बोलवायचे, आणि शेजारी आपल्या पट्ट्या, बियाण्याची बिले ठेवायची. बातमी आणि पट्टी जुळत नसेल तर त्या वर्तमानपत्राला पत्र लिहायचे, पट्टीची नक्कल जोडून. छापले नाही तर पुढच्या जिल्हा बैठकीत वाचून दाखवायचे. आपल्या घामाचा हिशेब दुसऱ्याने लिहावा आणि आपण नुसता ऐकावा, हे दिवस संपवायचे आहेत.