सहलीच्या पावतीमागचा वकील

सहल कंपनीत पैसे भरताना पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटी कोण लिहितं? बहुतेकदा कंपनीचाच पगारी वकील. बार कौन्सिलच्या ४९व्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ नोकरदाराला न्यायालयात वकिली करता येत नाही. त्याची लढाई चालते ती कराराच्या कागदावर.

हॉटेलशी करार करताना तो एक कलम पुन्हा पुन्हा वाचतो: न लागणाऱ्या खोल्या सोडायची शेवटची तारीख कोणती? ती उलटली की प्रवासी येवोत न येवोत, भाडं कंपनीच्या माथी. म्हणून सहल रद्द केल्यावर कापायच्या रकमेचे टप्पे तो या तारखेशी जुळवून घेतो. पण कपात नुकसानीच्या प्रमाणातच हवी. अवाच्या सव्वा दंडाची अट २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अन्याय्य ठरू शकते. आणि 'वाद फक्त मुंबईत' असं छापलं, तरी नागपूरच्या प्रवाशाला नागपुरातच ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सामान्य प्रवाशासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

कोरोनाकाळात या कामाचा कस लागला. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांच्या परताव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्देश दिले. टाळेबंदीतच एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा हाती येताच एजंटाने तो प्रवाशाला द्यायचा होता. त्यामुळे पैसे कोणाकडून, कोणत्या खात्यातून, किती दिवसांत परतणार, हे करारात नेमकं लिहिणं ही या वकिलाची मोठी जबाबदारी असते.