वरसईचे इतिहासाचार्य

(पेण येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या या पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. गाव लहानच, परंतु एकाच शतकात त्याने मराठी भाषेला दोन विलक्षण माणसे दिली. पहिले विष्णुभट गोडसे. घरच्या दारिद्र्यामुळे दक्षिणा मिळवावी म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यातच सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. दुसरे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. गोडसे भटजी घरी परतल्यावर थोड्याच वर्षांनी, १८६३ साली त्यांचा जन्म झाला. इतिहासाचार्य म्हणून आपण त्यांना वंदन करतो, त्यांची तसबीरही लावतो. त्यांचे ग्रंथ मात्र किती जण उघडतात, हा प्रश्न मी आरंभीच विचारून ठेवतो.

राजवाडे तीन वर्षांचे असताना वडील गेले. शिक्षण पुण्यात झाले, पण रखडत झाले. पैसा नव्हता हे एक कारण. आणि नेमलेली पुस्तके सोडून ग्रंथालयातील इतर सर्व पुस्तके वाचण्याचा नाद हे दुसरे, कदाचित अधिक खरे. डेक्कन कॉलेजातून १८९० साली ते बी. ए. झाले, तेव्हा वय सत्तावीस होते. त्या काळी बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. मामलेदारी, पुढे आणखी वरची जागा, बंगला, निवृत्तिवेतन, असा तो सरळ मार्ग होता. त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि तीही सोडली. पत्नी तरुणपणीच वारली. पुन्हा लग्न केले नाही. मग ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोसारख्या तत्त्ववेत्त्याला मराठीत आणण्याचा उद्योग आरंभला. असा उद्योग पोटाला किती घालणार, हे सांगायला नको!

त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती वाईला सापडलेल्या जुन्या कागदांमुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतपूर्व दशकाचा पत्रव्यवहार त्यात आहे. त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी ग्रँट डफच्या चुका एकेक करून दाखविल्या. साहेबाने लिहिले तेच प्रमाण मानण्याचा तो काळ होता. अशा काळात वरसईचा एक बेकार पदवीधर साहेबाच्या इतिहासाची झडती घेतो, हे धाडस लहान नव्हते. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. त्यामागे दोन पाय, खांद्यावरची पडशी आणि हाताने शिजवलेले अन्न एवढेच भांडवल होते. गावोगावी जाऊन दफ्तरदारांची मनधरणी करावी, कोणी हाकलून द्यावे, कोणी रात्रभर कागद पाहू द्यावेत, असा हा संसार अनेक वर्षे चालला.

आणखी एक व्रत त्यांनी घेतले होते. त्यांना इंग्रजी उत्तम येत होते, पण लिहावयाचे ते मराठीतच. इंग्रजीत लिहिते तर युरोपातील पंडितमंडळींत मान्यता मिळाली असती. ज्याला या देशाचा इतिहास जाणून घ्यावयाचा आहे त्याने या देशाची भाषा शिकावी, अशी त्यांची भूमिका होती. तिची किंमत त्यांनी पूर्ण मोजली. महाराष्ट्राबाहेर आजही त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

इथपर्यंतचे राजवाडे आपल्याला प्रिय आहेत. व्याख्याने बहुधा इथेच संपतात आणि टाळ्या पडतात. मला आज थोडे पुढे जावयाचे आहे, कारण राजवाडे परक्यांवर जसे तुटून पडत तसेच स्वकीयांवरही. संतांच्या शिकवणुकीने राष्ट्राला निष्क्रियता आली, असे त्यांनी लिहिले. न्यायमूर्ती रानड्यांच्या मताच्या अगदी उलट. पाणिनीला इतिहासदृष्टी नव्हती, असे म्हणण्यासही ते कचरले नाहीत. पाणिनीला! ७ जुलै १९१० रोजी सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि मतभेद होताच स्वतः उभी केलेली ती संस्था सोडून ते धुळ्याला गेले.

आणि मग विवाहसंस्थेचा इतिहास. आदिपर्वात श्वेतकेतूची कथा आहे. त्याच्यापूर्वी स्त्रीपुरुषसंबंधांना मर्यादा नव्हती, ती त्याने घातली, असे पंडू कुंतीला सांगतो. आपण ही कथा वाचतो आणि पान उलटतो. राजवाडे तिथे थांबले. महाभारत, हरिवंश आणि यज्ञविधी यांतील पुरावे मांडून त्यांनी दाखविले की विवाह ही अनादि, तयार मिळालेली वस्तू नव्हे. समाजाने ती टप्प्याटप्प्याने घडविली. सनातनी मंडळी संतापली. पुढे कॉम्रेड डांगे यांच्यासारख्यांनी त्या लेखनाचा आधार घेतला, म्हणून आपल्याकडील काहींनी ते पुस्तकच परके मानले. हा आपला करंटेपणा होय. राजवाड्यांनी डाव्यांसाठी लिहिले नाही आणि उजव्यांसाठीही लिहिले नाही. पोथीत जे दिसले ते लिहिले. त्यांचे सर्व निष्कर्ष टिकतील असे मी म्हणत नाही. काही व्युत्पत्ती तर ओढूनताणून आणलेल्या वाटतात. पण खोडून काढण्यासाठी तरी ते पुस्तक कपाटाबाहेर यावयास हवे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर ही नुसती आरती होईल. राजवाड्यांचा जात्यभिमान काही ठिकाणी त्यांच्या विद्वत्तेवर स्वार झाला. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले ते अन्याय्य होते. बाजीप्रभू, मुरारबाजी, खंडो बल्लाळ ज्या ज्ञातीत जन्मले तिच्याविषयी असे लिहावे, याचे नवल वाटते. त्याला खणखणीत उत्तर दिले तेही आपल्याच जिल्ह्यातील माणसाने. पनवेलचे केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांचा ‘कोदंडाचा टणत्कार’ १९१८ साली निघाला. वरसई आणि पनवेल यांच्यात असे शब्दयुद्ध झाले. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. प्रबोधनकारांनी ग्रंथाला ग्रंथाने उत्तर दिले. राजवाड्यांना गप्प बसवा अशी हाकाटी करण्यापेक्षा हा मार्ग कठीण होता.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाडे गेले. मागे उरली ती टिपणे आणि कागदांची गाठोडी. काही दिवसांतच धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले आणि तो ठेवा सांभाळला. वरसईचा माणूस, पण त्याचे दफ्तर खानदेशाने राखले, हे आपण कुलाबकरांनी जरा मनाला लावून घ्यावे.

कारण आपण काय राखले? माझ्या आजोळी, श्रीवर्धनच्या बाजूला, माळ्यावर मोडी कागदांची एक पेटी होती. मी लहान असताना पावसाळ्यात न्हाणीघरातील बंब पेटवायला त्यातले कागद काढलेले मला आठवतात. एकदा मीच काढून दिले होते. उरलेल्यांवर वाळवी चढली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात कौले उडाली, पेटी रात्रभर भिजली आणि सकाळी तिच्यात लगदा होता. दोष वादळाचा कमी आणि आमचा अधिक. साठ वर्षे ती पेटी घरात होती. मोडी शिकावी असे आम्हांपैकी एकालाही वाटले नाही. मुलगा इतिहास घेतो म्हणाला की आपल्या घरांत सुतक पडते, हेही इथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे.

त्या लगद्यातून आठ-दहा कागद सुटे निघाले. माझी भाची गेल्या वर्षी मोडी शिकली. तिने गणपतीत त्यातला एक सर्वांना वाचून दाखविला. आम्हांला वाटले होते, आंग्र्यांच्या आरमाराचे काही असेल, निदान एखादी सनद तरी. निघाला तो दोन सख्ख्या भावांचा नारळीच्या बागेच्या बांधावरून झालेला तंटा. कोणाच्या बाजूला किती माड, विहिरीचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावयाचे, सारे तपशीलवार लिहिलेले. मंडळी हसली. भाची मात्र दुसरा कागद उलगडून बसली होती.