लातूर, कणकवली, जळगाव, सांगोला आणि एक उघडा नळ

(या भागाचं लेखी रूप. बोलणं होतं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे गाळलेत.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर प्लीज लावा, कारण आज मी एक कबुली देणार आहे आणि ती शेजारच्या सीटवरच्या काकांनी ऐकायची गरज नाही.

मागच्या भागानंतर खूप जणांनी लिहिलं, की रूमवरचे किस्से सांग. तर आज पनवेल. साल 2023, जुलै ते डिसेंबर, सेकंड इयरचं पहिलं सेमिस्टर. न्यू पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक वन बीएचके आणि त्यात आम्ही चौघं.

आमच्या रूमवर माणसांना नावं नव्हती, गावं होती. एक लातूर, एक कणकवली, एक जळगाव आणि मी सांगोला. आजही माझ्या फोनमध्ये ते असेच सेव्ह आहेत. एकदा आईने 'जळगाव कॉलिंग' बघून विचारलं होतं, "अख्खं जळगाव कशाला फोन करतंय रे तुला?"

आता पनवेलच का? तर बघा. हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन. परत येताना गाडीत झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही. कोकणातल्या बहुतेक गाड्या इथे थांबतात. नांदेडहून लातूरमार्गे येणारी एक्स्प्रेस इथेच संपते. पुण्याकडून एक्स्प्रेस-वेने आलात की कळंबोलीला उतरायचं, रिक्षा पकडायची. म्हणजे मुंबईत शिकायला निघालेला निम्मा महाराष्ट्र आधी पनवेलला बॅग टेकवतो. पुढे जायला पैसे पुरत नाहीत म्हणून मग तिथेच राहतो. आम्ही तसेच राहिलो.

भाडं 12 हजार, डिपॉझिट 40 हजार. माणशी दहा. एजंट म्हणाला, "एकच अडचण आहे. सोसायटीला बॅचलर चालत नाहीत. पण तुम्ही सांगा, आम्ही मावसभाऊ आहोत. मावसभावांची आडनावं वेगळी असतात, कोणी विचारत नाही."

कोणी विचारत नाही म्हणे! सेक्रेटरी काका दुसऱ्या मजल्यावर राहायचे, बरोब्बर आमच्या खाली. त्यांनी चौघांना सोफ्यावर ओळीने बसवलं.

"कोण कुठला?"

सांगितलं.

"म्हणजे तुमच्या आया सख्ख्या बहिणी?"

"हो काका."

"एक लातूरला, एक कणकवलीला, एक जळगावला, एक सांगोल्याला. तुमच्या आजोबांनी मुली दिल्या की बदल्या केल्या?"

आम्ही गप्प. मग काकांनी विचारलं, "आजोळ कुठलं?" आणि एकाच सेकंदाला मी म्हणालो पंढरपूर, जळगाव म्हणाला भुसावळ. कणकवली शहाणा. तो म्हणाला, "आजोबांची फिरतीची नोकरी होती." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बरं." एवढंच. आम्हाला वाटलं, पचलं. त्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, नाव 'मावसभाऊ'.

इथे एक कामाची गोष्ट सांगतो, मग पुढे जाऊ. रूम घेताना करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. आणि डिपॉझिट कोणी किती दिलं ते आपसांत लिहून ठेवा. आम्ही लिहिलं होतं, म्हणून आज चौघं बोलतोय.

तर, संसार सुरू झाला. पहिल्याच रात्री चौघांनी घरून आणलेल्या पिशव्या सोडल्या. लातूरकडे तुरीची डाळ आणि येसर. कणकवलीकडे उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं. जळगावकडे कळण्याचं पीठ आणि केळ्याच्या वेफर्सचं एवढं मोठं पाकीट. माझ्याकडे डाळिंबं आणि शेंगाची चटणी. बघायला अगदी प्रदर्शन. पण स्वयंपाक येत होता फक्त कणकवलीला, आणि त्याला बांगड्याशिवाय काही सुचायचं नाही. लातूर माळकरी घरातला. मग तह झाला. तवे दोन, खिडकी कायम उघडी, आणि बांगडा तळायचा तो लातूर लायब्ररीत गेल्यावर. त्या सेमिस्टरला लातूरचा अभ्यास जोरात झाला, त्याचं खरं श्रेय बांगड्याला आहे.

जळगावचा हट्ट एकच, भरीत. त्याने पाच वांगी थेट गॅसवर भाजली. धूर एवढा झाला, की खालून वॉचमन वाळूची बादली घेऊन आला. तो दारात उभा आणि हा आतून ओरडतोय, "काही नाही भो, भरीत करून राहिलो!" वॉचमन भरीत खाऊनच गेला.

भाषेची मजा वेगळीच. कोणी उशिरा आला की चार प्रकारे स्वागत व्हायचं. लातूर म्हणायचा, "कुठं होतास बे?" कणकवली, "खंय गेल्लंस?" जळगाव, "कुठे राहिला होता भो?" आणि मी, "कुटं गेलतास?" डिसेंबरपर्यंत सगळ्यांचं सगळं मिसळलं होतं. मी घरी गेलो आणि वडिलांना "माका नको" म्हणालो. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

आणि पाऊस! ज्यांनी पनवेलचा जुलै बघितलाय त्यांना सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, वास मात्र पिकतो. अशाच एका रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो. गोवा हायवेने, वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. चौघांत दोन छत्र्या. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका बघायला वर चढलो आणि वर नुसतं धुकं. फोटोत आम्ही चौघं आणि मागे पांढरा कागद. उतरताना जळगावची एक चप्पल वाहून गेली, तर त्याने दुसरी पण फेकली. म्हणे, "ज्याला सापडेल त्याला जोडी तरी मिळू दे."

त्या दिवशी एक गोष्ट झाली. लातूरने वाटेवरच्या ओहोळाच्या पाण्याने एक बाटली भरून घेतली आणि रूमवर खिडकीत ठेवली. आम्ही फार चिडवलं त्याला. तो म्हणाला, "बे, आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं होतं."

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. एप्रिल 2016, लातूरचा दुष्काळ. मिरजेहून पाण्याची गाडी गेली होती, जलदूत. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. आपण ती बातमी टीव्हीवर बघितली. हा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि शाळेतून आला की घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहायचा. म्हणून हा पोरगा झोपण्याआधी घरातले सगळे नळ हाताने तपासायचा. दात घासताना कोणी नळ चालू ठेवला, तर मागून येऊन बंद करायचा. आम्ही त्याला 'पाणीपुरवठा खातं' म्हणायचो.

आता कबुली.

ऑक्टोबर. दुरुस्तीसाठी एक दिवस पाणी बंद. लातूरने आदल्या रात्री कुकर, डबे, पातेली सगळं भरून ठेवलेलं. जळगावने सकाळी खिडकीतल्या बाटलीतल्या पाण्याचा चहा केला. हो, तीच बाटली. कर्नाळ्याचा तीन महिने मुरलेला चहा! आम्ही तो प्यायलो आणि आम्हाला काहीही झालं नाही. पण ते असो.

मी सगळ्यात शेवटी निघालो. पाणी आलं का बघायला किचनचा नळ फिरवला. कोरडा. तेवढ्यात फोन आला, मी बोलत बोलत बाहेर पडलो. नळ तसाच. आणि सिंकमध्ये भाताचं ताट, बरोब्बर जाळीवर.

पाणी दुपारीच आलं.

समोरच्या आजींना दाराखालून पाणी येताना दिसलं. त्यांनी वॉचमनला हाक मारली, त्याने गच्चीवरून व्हॉल्व्ह बंद केला. तोवर खाली सेक्रेटरी काकांच्या हॉलमध्ये छताला नकाशा उमटला होता आणि पंख्यावरून थेंब थेंब सोफ्यावर. आम्हाला बसवलं होतं तोच सोफा.

संध्याकाळी काका वर आले. "नळ कोणी उघडा ठेवला?"

मला माहीत होतं. मंडळी, मला अगदी स्वच्छ माहीत होतं. आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. पाच सेकंद गेले असतील. लातूर म्हणाला, "मी."

का म्हणाला, ते नंतर विचारलं. तो म्हणाला, "करारावर पहिलं नाव माझं आहे. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं बे." त्याला वाटत होतं, नळ कोणाकडून राहिला ते खरंच कोणालाच माहीत नाही. काकांनी सांगितलं, छताच्या कामाचे 15 हजार द्या आणि आठ दिवसांत रूम खाली करा.

त्यानंतरचे तीन दिवस रूमवर कोणी नीट बोललं नाही. मी तर नाहीच. मी वहीत दुधाचा हिशोब लिहीत बसायचो. तीन रुपये जळगावकडून येणं वगैरे.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, लातूरचे अप्पा आले. न सांगता. रात्रभर नांदेडच्या गाडीत बसून. धोतर, टोपी, हातात डाळीची पिशवी. आतल्या खिशात सोयाबीन विकून आणलेला फीचा दुसरा हप्ता. 2023चा ऑगस्ट आठवा, किती कोरडा गेला होता. सोयाबीन कितीसं झालं असेल, विचार करा. आणि अप्पांना खाली गेटवरच काकांनी गाठलं आणि सगळं सांगितलं.

अप्पा वर आले. पाणी दिलं, प्यायले. फुलपात्रात तळाला राहिलेलं घोटभर पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. मग मुलाला एवढंच विचारलं, "नळ उघडा टाकून गेलास? तू?"

पैशांचं काही नाही, रूम जाण्याचं काही नाही. फक्त "तू?"

लातूर खाली मान घालून उभा. अप्पांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि नोटा मोजायला लागले. मी आजही सांगतो, नोटांचा तो आवाज मला नीट आठवतो. सहावी की सातवी नोट होती.

मी म्हणालो, "काका, नळ माझ्याकडून राहिला. मला त्या दिवसापासून माहीत होतं."

कोणी काही बोललं नाही. लातूरने माझ्याकडे बघितलं. राग असता तर परवडलं असतं. त्याला नुसतं आश्चर्य वाटलं होतं.

अप्पांनी नोटा परत पाकिटात ठेवल्या. म्हणाले, "चला खाली. चौघं बी चला."

खाली मी काकांसमोर सगळं परत सांगितलं. अप्पा म्हणाले, "साहेब, पोरं चुकली. 15 हजार त्यांच्याकडं नाहीत, अन् माझ्याकडं जे आहेत ते फीचे आहेत. सामान आणा, पोरं स्वतः छत रंगवून देतील. मी हितं बसून करून घेतो."

काका म्हणाले, "हे सगळे तुमच्या नात्यातलेच ना? मावसभाऊ?"

अप्पांना या प्रकरणाची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी आमच्या चौघांची तोंडं बघितली आणि म्हणाले, "आता एवढं झाल्यावर माझीच म्हणा."

पुट्टी, रंग, दोन रोलर, मिळून दोन-अडीच हजार. ते मी दिले, घड्याळ घ्यायला साठवलेल्यातून. ओलं छत सुकायला आठवडा गेला, अप्पा मात्र त्याच रात्री परतले, त्यामुळे करून घ्यायला काकाच बसले. पुढच्या रविवारी आम्ही छत घासलं, पुट्टी भरली, रंग लावला. जळगावच्या केसांत एवढा रंग पडला, की काकू त्याला 'आजोबा' म्हणाल्या.

तेव्हा काकांनी सांगितलं. ते सत्तरच्या दशकात साताऱ्याकडून गिरणीत कामाला आले होते. लालबागला एका खोलीत वीस-बावीस जण, पाळीपाळीने झोपायचं, जेवायला खानावळ. ती खोली एका गावच्या मंडळाची, त्याच गावातल्यांना जागा. काका त्या गावचे नव्हतेच. एकाने "माझा भाचा आहे" असं सांगून त्यांना आत घेतलं. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, गिरणी सुटली, तरी तो मामा महिनोन्‌महिने त्यांच्या खानावळीचे पैसे भरत होता.

"तुमची ती फिरतीवरची आजोबांची गोष्ट ऐकली," काका म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. पण मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

रूम खाली करायचा विषय परत निघाला नाही.

लातूर माझ्याशी लगेच पहिल्यासारखा बोलला, असं सांगितलं तर खोटं होईल. दिवाळीनंतर परत आला तेव्हा दोन डबे आणले होते चिवड्याचे, एक माझ्यासाठी. आणि त्या रात्री नळ तपासून आला आणि दारातून म्हणाला, "सांगोला, किचनचा तू बघून ये." तेव्हापासून किचनचा नळ माझ्याकडे. आज मी एकटा राहतो, तरी झोपताना बघतोच.

गेल्या महिन्यात काकांकडे गेलो होतो. छताचा तेवढा भाग अजून वेगळाच पांढरा दिसतो. काका पाहुण्यांना सांगतात, "हे आमच्या मावसभावांचं काम."

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या रूमवर असं काही राहून गेलं असेल, कोणी तुमच्यासाठी 'मी' म्हणालं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि जमलं तर आधी त्याला पाठवा, मग मला. भेटू पुढच्या भागात. आणि हो, नळ!