पित्ताम्लांचे ज्ञान घरापर्यंत पोहोचावे

आदरणीय परिषदाध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून आणि शेजारच्या कर्नाटकातून आलेले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आमच्या निमंत्रणाला मान देऊन खास आलेल्या आशाताई व अंगणवाडीताई,

यकृत आणि पित्तमार्गाच्या विकारांवरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो.

मिरजेला पाहुणे नवे नाहीत. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून सीमेच्या दोन्ही अंगांची माणसे उपचारासाठी या गावाची वाट धरत आली आहेत. उस्ताद अब्दुल करीम खाँ येथेच स्थिरावले आणि इथल्या कारागिरांचे तंबोरे देशभरच्या मैफलींत वाजतात. अशा गावात वैद्यकाची चर्चा मराठीतून होते आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

परिषदेने या वेळी पित्ताम्ले हा विषय घेतला आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून ही आम्ले घडवते. जेवण झाले की पित्ताशय आकसते, पित्त लहान आतड्यात उतरते, स्निग्ध पदार्थांचे बारीक कण होतात आणि ते पचतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही त्यांच्याच आधाराने शोषली जातात. काम संपले की लहान आतड्याचा शेवटचा भाग यांतली सुमारे 95 टक्के आम्ले परत उचलतो आणि रक्तावाटे यकृताकडे धाडतो. शरीरात या आम्लांचा साठा जेमतेम तीन ग्रॅमचा, पण हे रहाटगाडगे दिवसातून अनेकदा फिरते, म्हणून तेवढ्यावर भागते. रोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जाते आणि यकृत तेवढीच भर घालते.

हाइनरिश वीलांड यांना पित्ताम्लांच्या संशोधनासाठी 1927 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे बराच काळ ही आम्ले म्हणजे पचनाची सामग्री, एवढीच त्यांची ओळख राहिली. 1999 साली पेशींतला एफएक्सआर हा ग्राहक (रिसेप्टर) पित्ताम्लांना ओळखतो, हे सिद्ध झाले आणि चित्र पालटले. आपण स्वतः किती प्रमाणात तयार व्हायचे, हे ही आम्लेच यकृताला कळवतात. साखर आणि चरबी यांच्या चयापचयावरही त्यांचा प्रभाव पडतो. आतड्यातले जिवाणू त्यांचे रूप बदलतात, तर ती जिवाणूंच्या वाढीला आवर घालतात. औषधे याच ज्ञानातून आली. जन्मतः पित्ताम्ले नीट बनत नसलेल्या बाळांना कोलिक आम्ल तोंडावाटे देता येते. पित्त अडून होणाऱ्या काही आनुवंशिक विकारांत मुले खाजेने रात्ररात्र झोपत नाहीत. आम्लांचे आतड्यातले पुनःशोषण रोखणारे ओडेव्हिक्सिबॅट 2021 पासून अशा मुलांसाठी उपलब्ध झाले.

या साऱ्यावर तज्ज्ञ सविस्तर बोलतीलच. मला मात्र दोन घरगुती प्रसंगांकडे आपले लक्ष वेधायचे आहे, कारण तिथे निदान घरातूनच सुरू होते.

पहिला प्रसंग गरोदरपणाचा. सातवा-आठवा महिना. तळहात आणि तळपायांना खाज, रात्री अधिक. अंगावर पुरळ नाही, डोळे पिवळे नाहीत. घरातले म्हणतात, उष्णता वाढली असेल, खोबरेल चोळ. ती बिचारी पहाटेपर्यंत पाय घासत बसते. ही खाज रक्तात साचलेल्या पित्ताम्लांची खूण असू शकते. त्यांचे प्रमाण लिटरला 100 मायक्रोमोल किंवा अधिक झाले, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, हे 2019 च्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 600 हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळीने बाळाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणजे गोळी लिहून देऊन आपली जबाबदारी संपत नाही. वेळेवर रक्ततपासणी, पुन्हा तपासणी आणि प्रसूती कधी करायची याचा विचारपूर्वक निर्णय, हेच हातात आहे.

दुसरा प्रसंग तान्ह्या बाळाचा. दोन आठवडे उलटले तरी कावीळ उतरत नाही. आजी म्हणते, कोवळे ऊन दाखवा. शेजारीण माळ सुचवते. बाळ दूध पिते, हसते, म्हणून कोणी घाबरत नाही. पण दुपटे पाहा. लघवीचा पिवळा डाग पडतो आहे आणि शी खडूसारखी, फिकट आहे. शीला रंग येतो तो पित्तातून. रंगच नाही म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नाही. पित्ताम्ले यकृतातच साचतात आणि त्याच्या पेशींना इजा करतात. के जीवनसत्त्व शोषले न गेल्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचीही भीती असते. पित्तनलिका बंद असेल, तर जपानच्या मोरिओ कासाई यांनी 1959 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत व्हावी. उशीर होईल तसे यश घटत जाते. तैवानने 2004 पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच शीच्या रंगांचे कार्ड घातले, आणि आई-वडीलच पहिले परीक्षक झाले.

म्हणून आज आशाताई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाळंतिणीच्या घरी जाऊन दुपटे पाहणारे डोळे त्यांचे आहेत. त्यांनी पाठवलेल्या बाळाला 'थांबून पाहू' न म्हणता त्याच दिवशी रक्तातले थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन तपासणे, हे आपणा डॉक्टरांचे काम आहे. या परिषदेतून प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर शीच्या रंगांचे चित्र लावण्याचा ठराव व्हावा आणि गरोदर स्त्रीला 'खाज येते का?' हा प्रश्न दर भेटीत विचारला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या आयोजनासाठी देणगीदारांनी सढळ हाताने मदत केली, विद्यार्थी स्वयंसेवकांनी रात्रीचा दिवस केला. त्या सर्वांचे मी आभार मानतो. निवास, भोजन किंवा प्रवासाबाबत काहीही लागले, तर निःसंकोच सांगा. घर आपलेच आहे. पुन्हा एकदा सर्वांचे हार्दिक स्वागत करतो आणि अध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.