दहा वर्षांच्या दुर्बिणीला नारळ द्यायचा का?



अध्यक्षाने आधी आपली अपात्रता सांगायची आणि मग तासभर बोलायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. पहिला भाग मी गाळतो, दुसराही आटोपशीर ठेवतो.

विषय पैशाचा आहे. म्हातारी होत चाललेली अवकाश दुर्बीण सरकारी खर्चाने चालू ठेवावी का? तलासरीत बसून हा प्रश्न कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्याला हसणार नाही. जिथे मे महिन्यात पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या माणसाला आभाळावरच्या खर्चाचा जाब विचारायचा पहिला हक्क आहे. त्याला उत्तर मात्र नीट द्यायला हवं. ‘विज्ञानाने देशाची मान उंचावते’ हे उत्तर नव्हे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह वर गेला. खगोलशास्त्रासाठीच बांधलेली ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा. वजन दीड टन, उंची साडेसहाशे किलोमीटर. तिच्यावरची उपकरणं घडवण्यात कुलाब्याच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा, म्हणजे गोष्ट आपल्याच घरची. आयुष्य ठरवलं होतं पाच वर्षांचं. सप्टेंबर २०२५ मध्ये दहा पूर्ण झाली. वयाच्या खुणा दिसतात. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्येच बंद पडली, क्ष-किरण मोजणाऱ्या तीनपैकी एका संचातला वायू गळाला. आपल्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत ती असती, तर एव्हाना तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीत पोचला असता!

पण या यंत्राचं पीक उशिरा हाती येतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅटने आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याकडे २८ तासांहून जास्त वेळ पाहिलं. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचे तीव्र अतिनील किरण सापडले. आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी ती नोंद तपासत राहिले आणि निष्कर्ष छापून आला ऑगस्ट २०२० मध्ये. आरसा जेमतेम साडेसदतीस सेंटिमीटरचा. हबल या अवकाश दुर्बिणीचा आरसा जवळजवळ अडीच मीटरचा, तरी हा मंद प्रकाश तिच्या हाती लागला नव्हता. दुसरं उपकरण गॅमा किरणांचे स्फोट टिपतं. हे स्फोट कधी, कुठल्या दिशेला होतील ते कुणी सांगू शकत नाही. वाट पाहणं हेच त्या उपकरणाचं काम. २०२३ पर्यंत त्याने सहाशेहून जास्त स्फोट नोंदवले होते. पाच वर्षं भरली म्हणून २०२० मध्ये कळ दाबली असती, तर त्यानंतरचे सगळे गेले असते.

अमेरिकेत हा वाद फार उघड झाला. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव धारण करणारी चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण जुलै १९९९ मध्ये सोडली. तिचंही ठरलेलं आयुष्य पाचच वर्षांचं. नासाच्या मार्च २०२४ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिचा वार्षिक निधी सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटीवर आणायचं ठरलं. कारण दिलं वयाचं: वरचं आवरण झिजलंय, दुर्बीण तापते, सांभाळायला कठीण झाली आहे. शास्त्रज्ञ चिडले, लोकप्रतिनिधींना पत्रं गेली. शेवटी नासानेच नेमलेल्या समितीने सांगितलं की एवढ्या पैशात चंद्रा चालवणं शक्यच नाही. म्हणजे कपात कागदावर होती, प्रत्यक्षात ती टाळेबंदीच ठरली असती. हे तंत्र आपल्याला ओळखीचं आहे. इमारत पाडायची नाही, फक्त शिपायाचं पद भरायचं नाही.

आता हिशेब. अ‍ॅस्ट्रोसॅटचा खर्च १७८ कोटी रुपये असल्याचं त्या वेळी छापून आलं होतं. आपल्या वाढवण बंदराचा मंजूर खर्च ७६,२०० कोटी. त्या बंदराबद्दल याच सभागृहात दोन तट आहेत, तिकडे मी जात नाही. सांगायचं एवढंच की दुर्बिणीचा आकडा पाड्यावरच्या नळाला आडवा येण्याइतका मोठा नाही. नळ अडतो तो दुसरीकडे. योजनेचं भूमिपूजन होतं, पुढे पंप जळतो आणि दुरुस्तीच्या शीर्षाखाली पैसा नसतो. दुर्बिणीचं आणि नळयोजनेचं दुखणं एकच आहे. नारळ फोडायला पाहुणे मिळतात, देखभालीला वाली नसतो.

देखभालीचं मोल डहाणू-तलासरी या आपल्या दोन तालुक्यांइतकं कुणाला कळावं? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली. माणसं थंडीत घराबाहेर झोपली. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले. धक्के महिनोन्‌महिने येत राहिले, यंत्रंही नोंदत राहिली. जमिनीत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याशी या धक्क्यांचा संबंध असावा, असं संशोधक म्हणू शकले ते या सलग नोंदींच्या जोरावर. चार धक्के मोजून यंत्रं उचलून नेली असती, तर आपल्याजवळ फक्त अफवा उरल्या असत्या. त्यांचा तेव्हा तुटवडा नव्हताच.

तरीही प्रत्येक जुनं यंत्र चालू ठेवा, असं मी म्हणणार नाही. पैशाहून मोठी अडचण माणसांची असते. आयआयटी मुंबईतून ‘दक्ष’ नावाच्या जुळ्या उपग्रहांचा प्रस्ताव पुढे आला आहे; गॅमा किरणांचे स्फोट ते अ‍ॅस्ट्रोसॅटपेक्षा कितीतरी बारकाईने पकडतील. जुनी दुर्बीण सांभाळण्यात नवी घडवणाऱ्यांचेच हात गुंतून राहणार असतील, तर जुनीला नारळ द्यावा. पण नवी उडाल्यावर, आधी नव्हे. मधली आंधळी वर्षं परवडत नाहीत, कारण तेवढ्या काळात शिकलेली मुलं परदेशी निघून जातात आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं.

हा निर्णय कसा घ्यायचा, याची एक पद्धत आहे. नासा आपल्या चालू मोहिमांचा दर तीन वर्षांनी आढावा घेते. बाहेरचे शास्त्रज्ञ बसतात, खर्च आणि निष्पत्ती शेजारी शेजारी मांडतात आणि अहवाल प्रसिद्ध होतो. अ‍ॅस्ट्रोसॅटचाही वर्षाचा खर्च, चालू उपकरणं, त्या वर्षीचे शोधनिबंध असं सगळं दोन पानांत लोकांपुढे यावं, आणि मराठीतही यावं. ते लिहिण्याचं काम आपलं आहे. उड्डाणाच्या दिवशी आपली वर्तमानपत्रं पहिलं पान देतात. नवव्या वर्षी त्या यंत्राचं काय चाललंय हे वाचायला मिळणं मुश्कील. जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली आणि मराठीत लिहिलंही, दोन्ही एकाच हाताने. आता आपल्यापैकी कुणी तरी त्या दोन पानांसाठी आयुकाला आणि इस्रोला पत्र लिहावं. मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवतो. पटला तर सही करा, नाही पटला तर तिथेच खोडून दुरुस्त करा.