कावळा, फांदी आणि ‘लेड टु’

निवृत्त शिक्षकास भाषणास बोलावण्यांत एक धोका असतो. तो खडू विसरत नाहीं. माझ्यापुढें येथें फळा नाहीं, तेव्हां जें मीं लिहून दाखविलें असतें तें आपणांस कानांनींच वाचून घ्यावें लागेल. विषय अगदीं लहानसा आहे. इंग्रजींतील ‘लीड टु’ हें जोडक्रियापद वाक्यांत कसें योजावें, एवढाच.

मुलुंडला माझ्या घरीं संध्याकाळीं शेजारचीं चारपांच मुलें पुस्तकें घेऊन येतात. त्यांतील आठवींत शिकणाऱ्या एका मुलीस शाळेंतून ‘लीड टु’ची पांच वाक्यें करून आणावयास सांगितलें होतें. तिची वही पाहिली आणि जुने स्नेही भेटावे तशा जुन्या चुका भेटल्या. पहिली भूतकाळाची. ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’. परंतु शिसें या अर्थाचा शब्दही ‘लेड’ असाच उच्चारतात, आणि लिहितात मात्र ‘लीड’सारखा. त्यामुळें मूल भूतकाळांतही शिशाचींच अक्षरें लिहून मोकळें होतें. त्यांतील ‘ए’ गाळावयाचा, हें दहा वेळां सांगावें लागतें. दुसरी चूक ‘टु’ची. ‘टु गो’, ‘टु ईट’ हें पाठ झालेलें असल्यामुळें ‘टु’ दिसतांच मुलें पुढें मूळ क्रियापद बसवितात. येथला ‘टु’ निराळा. त्याच्यापुढें नाम तरी हवें, नाहीं तर ‘इंग’ लागून नामासारखें झालेलें क्रियापद. ‘केअरलेसनेस लीड्स टु ॲक्सिडेंट्स’ हें शुद्ध. मात्र मध्यें माणूस आला कीं नियम फिरतो. ‘हंगर लेड हिम टु स्टील’, भुकेनें त्याला चोरी करावयास लावलें, हेंही तितकेंच शुद्ध. माणूस मध्यें आल्यावर व्याकरणालाही थोडें बाजूस सरावें लागतें, असें मी वर्गांत म्हणत असें.

‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ यांचा घोटाळा याच कुळांतला. ‘इन’च्या पुढें कार्य येतें, ‘फ्रॉम’च्या पुढें कारण. एक ओढा खालीं वाहतो, दुसरा आपल्याला उगमाकडे नेतो. यापेक्षां अधिक त्यांत कांहीं नाहीं.

आतां हें मराठींत कसें आणावें? ‘पाऊस पुराकडे नेतो’ असें कोणी म्हणणार नाहीं. निदान आजवर म्हणत नसे. आपण म्हणतों, ‘पावसामुळें पूर आला.’ इंग्रजींत कारण वाक्याचा धनी होऊन पुढें बसतें. मराठींत तें ‘मुळें’ हा प्रत्ययवजा शब्द लावून बाजूस उभें राहतें, आणि जें घडलें तेंच कर्ता होतें. हा ‘मुळें’ शब्द ‘मूळ’ यापासूनच आलेला आहे. शिवाय आपल्या भाषेला एका ‘मुळें’नें भागत नाहीं. ‘गुरूच्या कृपेनें विद्या आली’, पण ‘नोकरीपायीं गांव सुटलें.’ या ‘पायीं’मध्यें जी हळहळ आहे ती ‘लीड टु’त कोठून आणावी? आणि या सर्वांहून वेगळा शब्द म्हणजे ‘निमित्त’. घरोघरच्या बायका हा शब्द नैयायिकांइतक्याच नेमकेपणानें वापरतात. ‘तापाचें निमित्त झालें’ असें जेव्हां म्हणतात, तेव्हां खरें दुखणें आणखी खोल होतें हें त्यांना ठाऊक असतें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, ही म्हण तर प्रत्येकाच्या तोंडीं आहे. ‘लीड टु’ला हा कावळा ओळखतां येत नाहीं. त्याच्या लेखीं जो आधीं बसला तोच कारण.

हें मला सुचलें तें त्या मुलीच्या पांचव्या वाक्यावरून. तें वाक्य असें: ‘स्ट्राँग विंड्स लेड टु द कोलॅप्स ऑफ ए होर्डिंग इन घाटकोपर.’ भूतकाळ बरोबर, ‘टु’पुढें नाम, कोठें बोट ठेवावयास जागा नाहीं. मीं बरोबरची खूण केलीही. मग हात थबकला. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरच्या छेडानगर भागांत पेट्रोल पंपावर तो जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसें दगावलीं. वारा त्या दिवशीं मुंबईभर सुटला होता. तो फलक मात्र सुमारें १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता, आणि महापालिकेच्या नियमाची कमाल मर्यादा होती ४० फूट बाय ४० फूट. मग त्या वाक्यांतला वारा म्हणजे फांदी कीं कावळा?

मुलीस दोष कसा द्यावा? हेंच वाक्य मीं स्वतः लिहिलेलें आहे, आणि तेंही मराठींत. १९८३ सालची गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलों होतों. शाळेचें नांव सांगत नाहीं. सहावींतला एक मुलगा नापास झाला. प्रगतिपुस्तकावर मीं सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला, ‘अनियमित हजेरीमुळें अनुत्तीर्ण.’ दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. ते गिरणीकामगार. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले होते, त्यांतले ते एक. मुलगा पहांटे घरोघर दूध टाकी आणि वर्गांत पेंगे, तें मला माहीत होतें. पण शेऱ्याच्या रकान्यांत तेवढी जागा नव्हती. त्यांनीं तो कागद माझ्यापुढें ठेवला आणि शांतपणें विचारलें, “गुरुजी, हजेरी अनियमित कशामुळें, तें यावर कोठें लिहिलें आहे?” मला उत्तर देतां आलें नाहीं. जूनमध्यें तो मुलगा शाळेंत आला नाहीं. शेरा खोटा नव्हता. हजेरीपटाशीं तो तंतोतंत जुळत होता.

तेव्हां मीं त्या मुलीस पांचवें वाक्य पुन्हां करावयास सांगितलें. तिनें फलकाची लांबीरुंदी घालून एक चांगलें वाक्य केलें, आणि स्वतःच म्हणाली, “पण आजोबा, यांत ‘लेड टु’ कोठें आहे? मार्क जातील.” हेंही खरेंच. मग दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघें त्या दोन शब्दांना जागा शोधीत बसलों. शेवटीं तिनें लिहिलें: ‘ब्रेकिंग द रूल अबाउट साइझ लेड टु सेव्हन्टीन डेथ्स व्हेन द विंड केम.’ लिहून झाल्यावर तिनें विचारलें, “नियम कोणीं मोडला, तें या वाक्यांत येत नाहीं ना?” मीं म्हटलें, “नाहीं येत. त्याला आणखी एक वाक्य लागेल.”

वही तपासून परत आली. बाईंनीं बरोबरची खूण केली होती, आणि शेजारीं लाल शाईनें लिहिलें होतें, ‘वाक्य लांब.’